साहेबाचे पब्लिक हाऊस

शाळामास्तराने दिवाळी अंकात पबविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जी गोष्ट आपल्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली आहे, तिला ‘बाई, तू कोठली, कोणाची?’ असे विचारण्याचा अधिकार मास्तरालाही आहेच. आणि पब उंबऱ्याशी आला आहे, ह्यात शंका नाही. मुळशी तालुक्यातले माण हे शेतीचे गाव. शेजारच्या हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची वसाहत वसली आणि वाढत वाढत माणच्या शिवारात शिरली. नांगर चालत होता तेथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. इमारतींमागून हजारो तरुण नोकरदार आले. आणि त्यांच्यामागून त्यांची संध्याकाळ घालविण्याच्या जागा आल्या. त्यांतलीच एक जागा म्हणजे विलायती थाटाचा पब.

एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहामुळे अशा एका पबात जाण्याचा मला योग आला. काळपट लाकडाच्या भिंती, पितळी नळ, भिंतीवर बाण फेकून नेम धरावयाची तबकडी, आणि चहूकडे मोठमोठे पडदे. त्यांवर सामना चाललेला. मंडळी खात होती, पीत होती आणि गडी बाद झाला की एकमुखाने ओरडत होती. मी लिंबाचे सरबत मागविले. “सर, अगदी इंग्लंडमध्ये बसल्यासारखे वाटते की नाही?” असे माझ्या विद्यार्थ्याने मोठ्या अभिमानाने विचारले. त्या वेळी मी नुसती मान डोलावली. त्या प्रश्नाचे खरे उत्तर लांबलचक आहे, आणि तेच येथे द्यावयाचे आहे.

‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’ ह्या शब्दांचे लाडके, तोकडे नाव. पब्लिक हाऊस म्हणजे सर्वांचे घर. इंग्लंडच्या खेड्यात देवळाच्या खालोखाल मान ह्या घराचा. लिहितावाचता न येणाऱ्यांस ते ओळखता यावे म्हणून दारावर चित्राची पाटी लावीत. दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ साली तर अशी पाटी टांगण्याची सक्तीच केली होती. पुढे १८३० साली पार्लमेंटने कायदा करून दोन गिनी भरील त्या करदात्याला आपल्या घरी बीअर गाळून विकण्याची मोकळीक दिली, आणि गल्लोगल्ली अशी घरे झाली.

परंतु आपल्या दृष्टीने मौज पुढेच आहे. ज्या खेळांनी आज आपल्या पोरांना वेड लावले आहे, ते पबाच्याच अंगणात वाढले. हॅम्बल्डन गावचा क्रिकेट क्लब अठराव्या शतकात साऱ्या इंग्लंडात गाजला; त्याचा कर्णधार रिचर्ड नायरेन हा मैदानासमोरच्या ‘बॅट अँड बॉल’ ह्या खानावळवजा मद्यगृहाचा मालक होता. १७७४ साली क्रिकेटचे नियम सुधारले गेले ते लंडनच्या ‘स्टार अँड गार्टर’मध्ये. फुटबॉलची संघटना १८६३ सालच्या ऑक्टोबरात जन्मली ती ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’मध्ये. तेव्हा पबात बसून सामना पाहणे ही काही आजची टूम नव्हे. लेक माहेरी आली आहे, एवढेच.

खाण्यापिण्याचीही अशीच गंमत आहे. इंग्रजी पबात ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगऱ्याची न्याहारी, ह्या नावाचे एक ताट मिळते: पाव, चीज, कांदा, लोणचे. वाचणाऱ्याला वाटावे की हे हजार वर्षांचे. शेतकरी पाव-चीज खात असे हे खरे. पण ह्या नावाने ते ताट पबात मांडण्याची हूल उठविली ती १९५० नंतरच्या दशकात, चीजचा खप वाढविण्यासाठी स्थापलेल्या मंडळाने! आमच्या माणच्या शेतकऱ्याने भाकरीवर कांदा फोडून घेतला, त्यास मात्र कोणी जाहिरात केली नाही. आणि ‘पंच’ नावाचे जे मिश्र पेय साहेब मोठ्या ऐटीने पितो, ते तर आपल्याच मुलखातून गेलेले. सतराव्या शतकात, शिवरायांच्या काळी, जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य ह्या भागात हिंडला. जुन्नरलाही जाऊन आला. ‘पंच’ म्हणजे हिंदुस्थानी भाषेतले पाच, कारण त्यात जिन्नस पाच, असे त्याने लिहून ठेविले आहे.

आता प्रश्न असा की, हे सर्वांचे घर साहेबाने आपल्याकडे आणले काय? खडकीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली, पेशवाई बुडाली, आणि पुण्याला लष्कराचा तळ पडला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे इंग्रज येथे नांदला. एवढ्या काळात त्याने रेल्वे आणली, कचेऱ्या आणल्या, क्रिकेट आणले. पण पब आणला नाही. त्याने आणल्या त्या दोन निराळ्याच वास्तू. एकीचे नाव क्लब, दुसरीचे नाव गुत्ता.

गुत्ता गरिबांसाठी. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे सरकारने आपल्या मुठीत घेतले, आणि दुकानांच्या परवान्यांतून तिजोरी भरू लागली. ह्या गुत्त्याचे दार मात्र सताड उघडे. तेथे जात विचारीत नसत, फक्त पैसा. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली त्यांनी लेखी हरकत घेतली. पुढे १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. फुले आणि टिळक ह्यांचे पुष्कळ बाबतींत पटण्यासारखे नव्हते. तरी गुत्त्यापुढे दोघेही एकाच बाजूला उभे राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, १९५० साली मुंबई राज्यात बंदी पुरती अमलात आली, आणि तिच्याच पोटी ‘परमिट रूम’ हा अस्सल महाराष्ट्री शब्द जन्मला. आजही राज्यातला मद्याचा व्यवहार मुळात त्याच कायद्याखाली चालतो, हे पबातल्या किती मंडळींना ठाऊक असेल?

क्लबाची गोष्ट निराळी. तेथे खुर्च्या वेताच्या, हिरवळ गालिच्यासारखी आणि दार बंद. त्या दारामागचा कारभार कळावा म्हणून पळवणकर बाळूची हकीकत सांगितली पाहिजे.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, चांभार कुटुंबातला. वडील लष्करात नोकरीला. पोरवयात बाळू पुण्याच्या पारशी क्रिकेटवाल्यांकडे दरमहा तीन रुपयांवर मैदान झाडावयास लागला. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपयांची नोकरी मिळाली. काम काय, तर खेळपट्टी लाटावी, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत. डावऱ्या हाताची त्याची फिरकी अशी की कॅप्टन ग्रेगसारखा नाणावलेला फलंदाज तासन्‌तास त्याच्यापुढे उभा राही. आपल्याला बाद करील तेव्हा दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. चेंडू हवा तितका टाक. पण बॅट हाती धरावयाची नाही! ती साहेबाची.

येथपर्यंत ऐकून आपले रक्त तापते. पण गोष्ट येथे संपत नाही. बाळूची कीर्ती ऐकून पुण्याच्या हिंदू संघाने त्याला खेळावयास घेतले. इंग्रजांना हरवायचे तर त्याच्यावाचून चालण्यासारखे नव्हते. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली म्हणजे मात्र बाकीचे गडी आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात, पिऊन झाल्यावर फेकून देण्याच्या. जेवणाचे ताट वेगळे, मेज वेगळे. साहेबाच्या दाराबाहेर जो उभा, तोच आपल्याही दाराबाहेर उभा! साताऱ्याच्या इंग्रज जिमखान्याविरुद्ध त्याने विजय मिळवून दिला, तेव्हा कोठे पुण्याची नजर थोडी मऊ झाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य ह्यांनी त्याचा जाहीर गौरव केला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळू होता आणि त्या दौऱ्यात त्याने शंभरावर गडी टिपले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी लाभले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल ह्याला मिळाले, आणि त्या वर्षी हिंदू संघाने मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली. ह्याच विठ्ठलाने आपले आत्मचरित्र मराठीत लिहून ठेविले. १९४८ साली ते प्रसिद्ध झाले. क्रिकेटचे वेड असलेल्या घरांत ते वाचले जाते काय, कोण जाणे!

ह्याचा अर्थ पब हे समतेचे मंदिर, असे मी म्हणत नाही. इंग्लंडातही त्या ‘सर्वांच्या घरा’त भिंती होत्याच. मजुरांसाठी पब्लिक बार आणि प्रतिष्ठितांसाठी सलून बार. दुसऱ्यात गादी मऊ आणि बीअर थोडी महाग. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या कित्येक पबांत तर नक्षीदार काचेच्या फिरत्या झडपा बसविल्या होत्या. उच्चभ्रू गिऱ्हाइकाचे तोंड पलीकडच्या माणसास दिसू नये म्हणून! आणि आपला गावचा पार? चावडी? तेथे बसण्यास पैसे पडत नव्हते हे खरे, पण कोणी बसावे आणि कोणी खाली उभे राहावे, हे ठरलेले होते. पारावर गप्पा सर्वांच्या, असे आपण लिहितो. ते ‘सर्व’ मोजून पाहिले पाहिजेत.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. नाही बाबा, तू बसलास ते इंग्लंड नव्हे. तेथल्या खेड्यातला पब हा शेजाऱ्यांचा असतो; येथे शेजारच्या मेजावरचा माणूस कोठला, हे कोणी विचारीत नाही. पण एक गोष्ट मी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिली, ती नाकारणार नाही. तेथे बसलेल्या मुलामुलींना कोणी आडनाव विचारले नाही. पेले सर्वांचे एकाच काचेचे, एकाच मोरीत धुतले जाणारे. बाळूला जे पुण्याच्या पॅव्हेलियनमध्ये मिळाले नाही, ते येथे सहज मिळते, आणि ते घेणाऱ्यास त्याचे मोलही ठाऊक नाही. हा लाभ दारूचा नव्हे. फुल्यांनी आणि टिळकांनी ज्या गुत्त्याला विरोध केला त्यातही हा लाभ होता, आणि तरीही त्यांनी विरोध केला, कारण तेथे गरिबाची चूल विझत होती. ती चूल आजही विझते.

आणि दार? दार आता जातीने बंद होत नाही, दरपत्रकाने होते. पबाच्या बाहेर गाड्या लावून घेणारा, आत भांडी घासणारा, रात्रीचा रखवालदार, ह्यांच्या दिवसाच्या मजुरीत आतले एक ताट येत नाही. ज्यांच्या शिवारावर ही नगरी उभी राहिली, त्या गावकऱ्यांपैकी काहीजण मोटारीतून उतरून आत जातात, आणि काहीजण दारावर उभे राहून त्यांना सलाम करतात.

दिवाळीत मुले घरी येतील. ती कोठे जातात, काय पितात, ह्याची चौकशी आईबाप करतीलच, आणि करावी. पण फराळाच्या ताटापाशी सगळे जमले असता त्यांना बाळूच्या मातीच्या भांड्याची गोष्टही सांगावी. आणि मग विचारावे की, तू जेथे आनंदात बसतोस, तेथे दाराबाहेर उभा असलेला तो कोण आहे, त्याचे नाव तुला ठाऊक आहे काय?