पाठमोरा कर्णा

जरा सरका, छकड्यात जागा करा. गवत टोचतंय? घोंगडं ओढून घ्या त्यावर. मोबाइल चाचपू नका, तुमच्या अंगात बाराबंदी आहे आणि तिला खिसाच नाही. साल 1875, चैत्र सरत आलाय आणि तुम्ही पाचगणीच्या बाजारात उभ्या छकड्यात बसला आहात.

पसरणीचा घाट चढून आलेल्या बैलांच्या तोंडाला फेस आलाय. त्यांच्या अंगाचा उग्र वास, शेणाचा वास, कुठूनतरी येणारा चुलीवरच्या भाकरीचा खरपूस वास, सगळं एकदम नाकात शिरतं. दांडेघर, गोडवली, खिंगरच्या बायका पाट्या मांडून बसल्यात. एक पारशी खानसामा अंडी उन्हात धरून बघतोय आणि भाव पाडतोय. पाचगणी वसवणाऱ्या चेसनसाहेबाने लावलेले सिल्व्हर ओक अजून तरुण आहेत, त्यांची सावली तुमच्या टाळूला पुरत नाही. लाल धूळ दातांत कचकचते.

तुम्ही आलात ते पाखरांसाठी. पण दुर्बीण विसरा, ती इथे फार तर एखाद्या फौजी साहेबाच्या गळ्यात दिसेल. या काळी पाखराचा रंग नीट बघायचा तर ते मेलेलंच बघावं लागतं. चला, त्या बंगल्याच्या ओसरीवर.

टेबलाजवळ जाल तर आधी डोळे चुरचुरतील. कापूर आहे, आणि सोमल घालून केलेला साबण. बोट लावू नका, विष आहे ते! साहेबाचा माणूस पोटावर एक बारीक चीर देतो, कातडी मोज्यासारखी उलटी सोलतो, आतून सोमल फासतो, कापूस भरतो आणि पायाला चिठ्ठी बांधतो: जागा, तारीख, नर की मादी. सध्या त्याच्या हातात कर्णा नावाचं पाखरू आहे. काळं डोकं, काळी छाती, तिच्याखाली पांढरी शुभ्र पट्टी आणि मग पोटभर तो लाल रंग. माणूस श्वास रोखून काम करतोय, कारण कर्ण्याची कातडी फार पातळ, पिसं नुसत्या धक्क्याने गळतात. दोन लाल पिसं तुमच्या पायाशी पडलीसुद्धा. पेटीत गेल्यावर ही लाली हळूहळू विटत जाईल.

असे पक्षीवेडे या डोंगरात बरेच. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक त्यांतलेच. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर भागातल्या पाखरांची त्यांची यादी पुढच्याच वर्षी ह्यूमसाहेबाच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्ष्यांवरच्या नियतकालिकात छापून येणार आहे. आपल्याला सह्याद्रीतल्या पाखरांची जी पहिली लेखी माहिती मिळते, ती बरीचशी अशाच टेबलांवरून आलेली. तिचं मोल मी जाणतो. तरीही तुम्हाला इथे फार वेळ उभं करवत नाही माझ्याच्याने.

छकडा हाका. पाचगणीचं टेबललँड मागे पडलं, कडेची झाडी दाट व्हायला लागली. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा मीटरच्या आसपास पाऊस, पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. म्हणून कर्ण्याचं रान पाचगणीत नाही, ते पुढे आहे. लिंगमळ्याशी उतरा. सिंकोनाची लागवड करून बघितली ती इथेच. एक धनगराचं पोर तुमची वाट बघत उभं आहे.

“काका, वहाणा काढा. पाला वाजतोय.”

काढा. पायाखाली अंजनीचा, जांभळीचा पाला, वर कोरडा, खाली गार ओला. बाहेरचा उन्हाळा एका पावलात संपतो. कुजक्या लाकडाचा वास येतो आणि कानाशी माश्यांची गुणगुण. ओढ्याच्या बाजूने कोणीतरी माणूस रमतगमत शीळ घालत येतोय असं वाटेल. तो शीळकरी कस्तूर. वरून कुटुर्ग्याची न थांबणारी कुटुर्र-कुटुर्र.

आणि मग रान एकदम जागं होतं. आधी भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारा फडकवत. त्याच्यामागे निखार: नर लालभडक, मादी पिवळीधमक, एकेका फांदीवरून उधळल्यासारखे. खोडावरून डोकं खाली करून उतरणारी निळी शिलिंध्री. पानांतलंच पान वाटणारा हरेवा. लांब पांढरी शेपूट मिरवत स्वर्गीय नर्तक. सगळे मिळून किडे उठवत चाललेत. एकाच्या पंखाने उडालेला किडा दुसऱ्याच्या चोचीत. पहारा भृंगराजाचा. मान दुखेल, दुखू द्या, हा थवा दहा मिनिटांत डोक्यावरून जाईल.

पोर तुमची बाही ओढतं. त्याचं लक्ष थव्याकडे नाहीच. “क्यॉ… क्यॉ… ऐकलंत?”

तुम्हाला फक्त वेल आणि सावली दिसते. “वाळकी फांदी बघा. तिच्यामागं. पाठ करून बसलंय.”

बसलाय खरंच. पाठ तपकिरी, सुकल्या पानांत विरून गेलेली. कर्ण्याची खोडच ती, धोका दिसला की लाल पोट पलीकडे फिरवायचं आणि गप्प बसायचं. तुम्हीही गप्प. घामाचा थेंब कानामागून मानेवर उतरतो. एक किडा उडतो, कर्णा हवेत गिरकी घेतो, किडा टिपतो आणि परतताना तोंड तुमच्याकडे करून बसतो. टेबलावर बघितलेला तोच लाल, पण हा श्वासासरशी हलतोय. जवळच्या कुजक्या खुंटात त्याचं घरटंही असेल. दिवस विणीचेच आहेत.

मागे पाला वाजतो. साहेबाचा शिकारी. त्याच्या बंदुकीत मोहरीएवढे छरे आहेत, पिसं न फाडता मारणारे. तो गुडघा टेकतो, नळी फांदीवर ठेवतो.

हात मोकळे आहेत ना तुमचे? वाजवा टाळी! जोरात!

फडफड, लाल-काळा झपाटा, आणि फांदी रिकामी. बार हवेत जातो, दारूचा धूर डोळ्यांत, भृंगराजाची ओरड साऱ्या रानात.

“आवो पावणं! खुळं का काय तुमी? सकाळपास्नं बसलोय त्येच्यासाठी!”

उत्तर देत बसू नका. पोर हसत कधीच पुढे पळालंय. वहाणा उचला आणि त्याच्यामागे सुटा, छकडा पलीकडच्या वळणावर उभा आहे.