करवीरातील प्रकट वाचन : पोथीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत

मनातल्या मनात वाचणे ही आपल्याकडे तशी अलीकडची सवय आहे. जुनी हस्तलिखित पोथी उघडली म्हणजे याचे कारण कळते. तीत शब्दाशब्दांत मोकळी जागा नसते. ओळ सलग लिहिलेली असते. मोडी कागदांत तर ऱ्हस्वदीर्घाचाही भेद पाळलेला नसतो. असा मजकूर नुसत्या डोळ्यांनी वाचू गेलो की अडखळतो. तोच तोंडाने म्हणू लागलो की शब्द सुटे होत जातात.

श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’ १७०२ मध्ये व ‘शिवलीलामृत’ १७१८ मध्ये पुरे केले. अशा ग्रंथांत कवी जागोजागी श्रोत्यांना हाक मारतो, आणि फलश्रुतीत वाचणाऱ्याइतकाच ऐकणाराही धरलेला असतो. चातुर्मासात देवळात किंवा घरच्या सोप्यात पोथी लागली की एका साक्षराच्या मुखाने दहावीस निरक्षरांच्या पदरी रामायण-महाभारत पडे.

परंतु या व्यवस्थेतले उणे झाकून चालणार नाही. वाचणारा ठरलेला, ऐकणारा ठरलेला. कोणती पोथी काढायची, कोठे थांबायचे, अर्थ कसा लावायचा, हे सारे वाचणाऱ्याच्या हाती. पुष्कळांना तर ऐकण्यासाठीदेखील दूर बसावे लागे.

कोल्हापुरात १८५० मध्ये ग्रंथालय निघाले. तेच आजचे करवीर नगर वाचन मंदिर. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला आणि पुढल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. वर्तमानपत्र एकाने वाचावे व भोवतालच्यांनी ऐकावे, हा त्या काळचा रिवाज. त्यामुळे अंक थोडे निघाले तरी बातमी लांबवर जाई.

खरा पालट झाला तो १९१७ मध्ये. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर शिरले नव्हते, तेथे पहिला वाचणारा निघाला तो आठदहा वर्षांचा पोर. आता नातू वाचणार आणि आजा ऐकणार! पत्र असो की सावकाराचा कागद, त्यासाठी दुसऱ्याच्या दारी जाण्याची गरज उरली नाही.

मनात वाचताना अवघड शब्द गाळून पुढे सरकता येते. मोठ्याने वाचताना तो चोरता येत नाही. भलत्या जागी थांबलो तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. मुलाच्या कानावर एरवी घरात न बोलले जाणारे शब्द पडतात. मोठ्यांना मुलांच्या शंकांची उत्तरे द्यावी लागतात, आणि ती देताना तेच पान पुन्हा नीट वाचावे लागते.

आज करवीरात वाचता येणारे माणूस बहुतेक घरी आहे; पण जो तो आपल्या कोपऱ्यात, आपल्या पडद्याशी. अक्षर घरात आले आणि सोपा मुका झाला, हा हिशेब आम्हांस बरोबर वाटत नाही. रात्री जेवणे उरकल्यावर पाव तास पुरे. आज आजीने वाचावे, उद्या नातीने. वाचणाऱ्याची पाळी अशी फिरती ठेवली की पोथीच्या काळचे ते उणेही भरून निघते.