धर्मादायाची सनद व आश्रमाचें अनुदान
(बुलढाणा जिल्ह्याच्या अनुरोधानें)

बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे सिंदखेडचे जाधव, सन १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई आणि लोणारचीं देवळें यांकडे संशोधकांची दृष्टि प्रथम जाते, व तें योग्यच आहे. परंतु या भागाच्या इतिहासांत आणखी एक धागा आहे व त्याची उपेक्षा झालेली आहे. ज्यास घर नाहीं, सांभाळणारें माणूस नाहीं आणि ज्याच्या हातून काम होत नाहीं, अशा वृद्धास वा पंगूस राज्याच्या पैशानें दुसऱ्याच्या आश्रयास ठेवण्याची व्यवस्था, हा तो धागा होय. या व्यवहारांत पक्ष तीन: पैसा देणारें सरकार, जागा देणारी संस्था व तेथें राहणारा मनुष्य. या तिघांपैकीं कागदांत नांव कोणाचें येतें आणि हक्क कोणाचा ठरतो, एवढाच प्रश्न आम्हीं प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

(१) पैनगंगेकांठीं मेहकर येथें हेमाडपंती पद्धतीची एक जुनी धर्मशाळा आहे. मध्यें चौक व सभोंवार खांबांच्या ओवऱ्या, अशी तिची रचना. अशा वास्तूंस दगड पुरतो. पण तेथें उतरणाऱ्यास अन्न घालावयाचें तर सालोसाल उत्पन्न लागतें. तें उत्पन्न मठांस व अन्नछत्रांस इनाम जमिनीनें वा वर्षासनानें लावून देण्याची रीत आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. त्या सनदांची भाषा लक्ष देऊन वाचावी. इनाम घेणाऱ्याचें नांव, गांव, जमिनीच्या चतुःसीमा आणि पुत्रपौत्रादि परंपरा हें सर्व नेमकें लिहिलेलें असतें. ज्याच्यासाठीं हा खटाटोप, तो मात्र ‘अतीत अभ्यागत’ या दोन शब्दांत आटोपतो. इनाम अडलें तर इनामदार सरकारांत अर्ज करी. जेवणाऱ्याच्या हातीं अर्ज करण्याजोगा कागदच नसे.

शिवाय ‘अभ्यागत’ हा शब्द दिसतो तितका मोकळा नाहीं. मेहुणाराजा हें चोखामेळ्याचें जन्मग्राम होय, अशी परंपरा आहे. तें गांव याच जिल्ह्यांतलें. चोखोबाच्या जातीच्या थकलेल्या म्हाताऱ्यास ओवरींत निजावयास व पंगतींत बसावयास मिळे काय? याचें उत्तर सनदेच्या शब्दांत शोधूं गेल्यास मिळणार नाहीं. तें वहिवाटींत होतें, आणि वहिवाट त्यास दाराबाहेर ठेवीत असे. सार्वजनिक द्रव्यानें चाललेल्या आश्रयाचा उंबरठा कागदावर लिहिला नाहीं म्हणजे तो रूढि ठरविते, हा पहिला निष्कर्ष.

(२) सन १८०३ च्या देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांचा या भागावरील अंमल उठला. सन १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलें. त्या अमदानींत इनामांची चौकशी झाली. धर्मादाय इनाम पुढें चालवितांना ज्या कामासाठीं तें दिलें तें काम चालू आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा प्रघात पडला. जाब विचारणारा आला, ही सुधारणा खरी. परंतु जाब संस्थेनें सरकारास द्यावयाचा, राहणाऱ्यास नव्हे.

(३) राहणाऱ्याचें नांव कागदावर आणलें तें दुष्काळानें. सन १८८० च्या दुष्काळ कमिशनच्या धोरणावरून जे फॅमिन कोड झाले, त्यांत काम करण्यास असमर्थ व ज्यांस पोसणारें कोणी नाहीं अशा लोकांच्या नांवनिशीवार याद्या गांवोगांव करण्याचें तत्त्व आलें. सन १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन्ही दुष्काळ वऱ्हाडास कठीण गेले. पाटील-पटवाऱ्यांनीं केलेल्या अशा यादींत आंधळी म्हातारी प्रथमच ‘अभ्यागत’ न राहतां स्वतःच्या नांवानें उभी राहते. पण हा हक्क दुष्काळापुरता. पाऊस पडला कीं यादी बंद. आणि गरीबखान्यांत जाणें म्हणजे अब्रू गेली, स्वयंपाक्याची जात कळली नाहीं तर धर्म गेला, या भीतीनें कित्येक उपाशी राहिले पण आंत गेले नाहींत. इंग्लंडांत सन १८३४ च्या कायद्यानें गरीबखाना मुद्दामच गैरसोयीचा ठेविला होता. तेथें सन १९४८ च्या कायद्यानें वृद्धांस निवारा देणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरलें, व धर्मादाय आश्रमांत ठेवून त्यांचा खर्च देण्याचीही मुभा मिळाली.

(४) आपल्याकडे महाराष्ट्र शासनानें २० फेब्रुवारी १९६३ पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालविण्याची योजना सुरू केली. पुरुषास ६० व स्त्रीस ५५ वर्षें ही वयाची अट, आणि संस्थेस दरडोई अनुदान. येथें सनदेचा जुना आकार पालटला: जमीन नव्हे, डोकीं मोजून पैसा. त्यामुळें नोंदवही नीट ठेवणें संस्थेस भाग पडलें. परंतु भाकरी रोज लागते, अनुदान हिशेब तपासून मागाहून येतें. मधला काळ संस्थेनें देणग्यांवर काढावयाचा. लहान संस्था निराधारास घेतांना कां कचरते, याचें कारण पुष्कळदां निर्दयपणा नसून हें अंतर असतें.

१७ नोव्हेंबर १९९५ च्या निर्णयाची मातोश्री वृद्धाश्रम योजना याहून बोधप्रद आहे. तिच्या मूळ नियमांत निम्म्या जागा मोफत, निम्म्या शुल्काच्या. वार्षिक उत्पन्न १२,००० रुपयांहून अधिक असणाऱ्यानें दरमहा ५०० रुपये द्यावयाचे. एका छपराखालीं दोन याद्या झाल्या. दोहींची पंगत एकच राहिली तर व्यवस्था यशस्वी. खाट, ताट वा बोलणें वेगळें झालें तर मेहकरच्या काळचा अलिखित उंबरठा नव्या रूपानें परत आला, असें समजावें. सन २००७ च्या केंद्रीय कायद्यानें जिल्ह्यास निदान एक, १५० निर्धन वृद्धांस पुरेल असें आश्रयस्थान अपेक्षिलें आहे. मात्र सरकारनें तें ‘स्थापावें’ असें न म्हणतां ‘स्थापतां येईल’ असें म्हटलें आहे. जुन्या सनदा वाचणाऱ्यांस या एका क्रियापदाचें महत्त्व सांगावयास नको.

(५) शेवटीं संग्राहकांस विनंति. या विषयाचे कागद एका ठिकाणीं मिळावयाचे नाहींत. सन १८५३ पूर्वींचे हैदराबादच्या दप्तरांत शोधावे. खामगांव व जळगांव हे तालुके सन १९०५ पर्यंत अकोल्यांत होते, म्हणून तेथील कागद अकोल्याकडे पाहावे. सन १९५६ पर्यंत जिल्हा नागपूरच्या राज्यकारभाराखालीं होता, तेव्हां तें दप्तरही टाळतां येणार नाहीं. सनद हातीं आली म्हणजे आपण ती जपतों. पण मठाच्या कोठीची कीर्द, शिध्याची खतावणी, दुष्काळाची यादी व वृद्धाश्रमाची प्रवेशवही हीं रद्दींत जातात. दान कोणीं दिलें हें सनद सांगेल. तें कोणाच्या ताटांत पडलें, हें सांगणारीं हींच बाडें आहेत. तीं ज्यांच्या घरीं वा संस्थेंत असतील, त्यांनीं तीं वाळवीपासून राखावीं, आणि हयात माणसांचीं नांवें प्रसिद्ध न करितां अभ्यासकांस दाखवावीं, इतकेंच आमचें मागणें आहे.