आवाज गेला, गाणे राहिले

उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उणियारा येथे झाला. आमलेटा येथे दरबारी सेवेत असताना अतिश्रमाने गायल्यामुळे त्यांचा आवाज गेला. पुढे तो परतला, पण पूर्वीसारखा नाही. खाँसाहेब खचले नाहीत. या आवाजाला मानवेल अशी पेचदार, लयीशी घट्ट बांधलेली गायकी त्यांनी नव्याने घडविली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचेच शिष्य. १९४६ साली खाँसाहेब मुंबईत पैगंबरवासी झाले. गायकी मात्र शिष्यांच्या गळ्यातून जिवंत राहिली. नापास होऊन शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाला पालकांनी ही हकीकत अवश्य सांगावी.