पायाखालची जमीन कोणाची?

नव्या घरात राहावयास जाण्यापूर्वी फादरांना बोलावून घराला आशीर्वाद घेण्याची रीत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. आता हे घर बहुधा वाडीतले नसून इमारतीतील सदनिका असते. त्याच आठवड्यात सुतार येऊन दाराचे कुलूप बदलून जातो, करारनामा व पावत्या कपाटात जातात आणि कुटुंब निश्चिंत होते. परंतु कुलपाने रक्षण होते ते सामानाचे. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न कुलपाच्या आवाक्याबाहेरचा. आणि पहिले घर घेणाऱ्याचे मन पुढे कित्येक वर्षे पोखरणारी चिंता नेमकी हीच असते.

ही चिंता फार जुनी आहे. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात अब्राहाम सारेला मूठमाती देण्यासाठी मकपेलाची गुहा विकत घेतो. एफ्रोन हित्ती ती फुकट देऊ करतो, पण परक्या मुलखात राहणारा तो वृद्ध गावच्या वेशीवर सर्वांसमक्ष चारशे शेकेल चांदी मोजून देतो. दानाने मिळालेल्या जमिनीवर उद्या कोणीही बोट ठेवील, हे त्याला उमगले असावे, असे आम्हांस वाटते. यिर्मयाचा व्यवहार तर याहूनही बोलका. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि संदेष्टा स्वतः पहाऱ्यात होता. अशा वेळी त्याने चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेलना घेतले. खरेदीखतावर साक्षी झाल्या. त्याचा एक लेख मोहोरबंद व एक उघडा होता; ते दोन्ही बारूखाने मातीच्या भांड्यात जपून ठेवावयाचे होते. मोहोरबंद लेख पुराव्यासाठी आणि उघडा वाचण्यासाठी, हे सहज समजण्यासारखे आहे. आमच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवितात, त्याहून ते काही फार वेगळे नव्हे.

आता आपल्या वसईकडे वळू. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर येथील गावे फिदाल्गो व धर्मसंघ यांना वार्षिक 'फोरो' भरण्याच्या अटीवर देण्यात आली. खासगी धारकांना ती बहुधा तीन पिढ्यांपुरती मिळत. मुंबईच्या जुन्या कागदांतील 'फोरास' जमिनी हीच आठवण सांगतात. कसणाऱ्याचे नाव त्या पत्रांत नसे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि ते धारकही गेले. इंग्रजी अमलात मोजणी झाली, १८७९ चा जमीन महसूल कायदा आला आणि गावोगाव हक्कांच्या नोंदी तयार झाल्या. पुढे १९४८ च्या कूळकायद्याने व १ एप्रिल १९५७ या कृषिदिनाने कसणाऱ्या कित्येक कुटुंबांची नावे सात-बाऱ्यावर मालक म्हणून प्रथमच चढली. तो कागद आपल्या आजोबांनी किती जपला, हे सांगावयास नको.

इमारतीतील घराचा इतिहास निराळा. मुंबईत १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली आणि १९१८ साली वांद्र्यास सालसेत कॅथोलिक सहकारी गृहसंस्था. तेथे संस्था आधी झाली, जमीन संस्थेच्या हाती आली आणि मग घरे उभी राहिली. पुढे क्रम उलटला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाड्याने देण्यासाठी बांधणे परवडेना, पागडी वाढली आणि बांधणारे 'ओनरशिप'वर सदनिका विकू लागले. विकत घेणाऱ्याच्या हाती किल्ली येई. जमीन मात्र जुन्याच नावावर राही.

या गोंधळाला आळा घालण्यासाठी १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा झाला. वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार करावा, पुरेसे सदनिकाधारक होताच संस्था नोंदवावी आणि तिची नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नावे अभिहस्तांतरित करावी, असा त्याचा सारांश. कायदा चांगला होता. चार महिन्यांची अट मात्र असंख्य ठिकाणी कागदावरच राहिली. उरलेल्या बांधकामक्षमतेवर विकासकाची नजर असे. रहिवासीही भागपत्र हाती आले म्हणजे सारे आले, असे समजून स्वस्थ बसत. इमारत जीर्ण होऊन पुनर्बांधणीची वेळ आली की डोळे उघडत. अखेर २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली: विकासकाने टाळाटाळ केली तरी संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. १ मे २०१७ पासून महारेराकडे प्रकल्प नोंदविणे व जमिनीच्या हक्काचा तपशील खुला ठेवणे विकासकावर बंधनकारक झाले.

येथवरचा दोष आपण सहज विकासकावर टाकू. परंतु वसईत आपला समाज दोन्ही बाजूंना उभा आहे. सदनिका घेणारे आपले, आणि तिच्याखालची वाडी विकणारेही पुष्कळदा आपलेच. भारतीय ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगे व मुली यांना समान वाटा, असे तो सांगतो. त्रावणकोरच्या ख्रिस्ती भगिनींना हा समान वाटा मिळण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि १९८६ साली निकाल लागला. आमच्या लेकींना तो हक्क कायद्याने आधीपासूनच होता. घरच्या रिवाजाने तो झाकला. "लग्नात दिले ना तिला" एवढ्या एका वाक्यावर कितीतरी वारसनोंदी झाल्या आहेत. हक्कसोडपत्र नाही, विचारणाही नाही. तलाठ्यापुढे फक्त भावांची नावे. भावांनी वाडी विकली, इमारत झाली, आणि ज्याचा त्या कुटुंबाशी काही संबंध नाही अशा एखाद्या नवविवाहित जोडप्याने वीस वर्षांचे कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर घर घेतले. ते जोडपे रोज रात्री दाराला कडी लावून झोपते.

तेव्हा घर घेणाऱ्याने केवळ चालू सात-बारा पाहून भागत नाही. किमान तीस वर्षांचे फेरफार उतारे काढून वकिलाकडून तपासून घ्यावेत आणि प्रत्येक वारसनोंदीत लेकी कोठे गेल्या, हे विचारावे. जुन्या संस्थांनी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज लांबणीवर टाकू नये. त्या अर्जासोबत जमिनीचे उतारे जोडावे लागतात. विकणाऱ्या घरातील कोणती बहीण कधीच विचारली गेली नाही, हे पुष्कळदा ते उतारे टेबलावर उलगडले जातात तेव्हाच प्रथम कळते.