हलक्या काँक्रीटच्या भिंतींची अग्निरोधकता

हलक्या काँक्रीटची भिंत आगीत किती वेळ उभी राहते, ज्वाला व तप्त वायू किती वेळ अडवते आणि आपली दुसरी बाजू किती वेळ धोकादायक मर्यादेपर्यंत तापू देत नाही, याचे मोजमाप म्हणजे तिची अग्निरोधकता होय. ती मिनिटांत वा तासांत सांगितली जाते. जळगाव जिल्ह्यातील बोदवड परिसरासारख्या कापूसपट्ट्यात, जिथे जिनिंग कारखान्याच्या एकाच आवारात कापूस, रुई, सरकी व गाठी साठवलेल्या असतात, तिथे हा विषय केवळ पुस्तकी राहत नाही.

साहित्य

साध्या काँक्रीटची घनता घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते, तर प्रचलित एएसी ठोकळ्यांची साधारणतः ५५० ते ६५० किलो. सिमेंट, चुना आणि बारीक वाळू किंवा औष्णिक वीज केंद्राची राख यांच्या पातळ मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो व मिश्रण ढोकळ्याच्या पिठासारखे फुगते. मग ठोकळे कापून सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेत पक्के करतात. ही पद्धत स्वीडनमध्ये योहान अॅक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदाने १९२० च्या दशकात विकसित केली. महाराष्ट्रात ती पुण्यातून रुजली. ‘सिपोरेक्स’ हे व्यापारी नाव पुणे-मुंबईकडे आजही सामान्यनामासारखे वापरले जाते. खान्देशात भुसावळजवळच्या दीपनगर केंद्राची राख उपलब्ध आहे. अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या परिसरातील मातीच्या विटांत राख मिसळणे केंद्र शासनाच्या १९९९ च्या अधिसूचनेने बंधनकारक केले होते.

आगीतील वर्तन

हे ठोकळे जळत नाहीत. अर्थात भाजलेली वीटही जळत नाही. ती तर भट्टीतूनच बाहेर आलेली असते. हलक्या काँक्रीटचे वैशिष्ट्य उष्णता मंदगतीने पुढे जाऊ देण्यात आहे. त्यातील सूक्ष्म बंद पोकळ्यांत हवा असते आणि उष्णतावहन साध्या काँक्रीटपेक्षा कित्येक पटींनी कमी असते. शिवाय भिंतीतील ओलावा वाफ होऊन जाईपर्यंत आतील तापमान काही काळ १०० अंशांच्या आसपास रेंगाळते. जो गुण जळगावच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवतो, तोच आगीत उपयोगी पडतो. मात्र दीर्घकाळ तापल्यावर पदार्थ आकसतो, भेगा पडतात आणि बळ घटते.

चाचणी

भारतात आयएस ३८०९ या मानकानुसार भिंतीची एक बाजू भट्टीत तापवतात. भट्टीचे तापमान अर्ध्या तासात सुमारे ८४०, एका तासात ९४५, तर चार तासांत ११५० अंशांपर्यंत नेले जाते. दुसऱ्या बाजूची सरासरी तापमानवाढ १४० अंशांपलीकडे गेली, किंवा एखाद्या बिंदूवर ती १८० अंशांपलीकडे गेली, की उष्णतारोधाचा निकष संपला असे मानतात. २०० मिलिमीटर भिंतीसाठी उत्पादक सहसा चार तासांचा आकडा देतात. तो आकडा सुट्या ठोकळ्याचा नव्हे, तर विशिष्ट जाडी, उंची, सांधे व गिलावा असलेल्या भिंतीचा असतो. माहितीपत्रक वाचताना नेमके हेच विसरले जाते.

प्रत्यक्ष इमारतीत

जिनिंग कारखान्यात यंत्राचे घर्षण, कापसातून आलेला खडा वा विजेची ठिणगी आग लावण्यास पुरेशी ठरते. कापसाची गाठ आतल्या आत दीर्घकाळ धुमसत राहते. अशा ठिकाणी यंत्रशाळा व गोदाम यांमधील भिंत छताच्या पत्र्याखालीच थांबली, तर ज्वाला तिच्यावरून पलीकडे जातात. म्हणून ती छताच्या वर न्यावी लागते. कापूस वाहून नेणारे पत्र्याचे नळ, विजेच्या तारा व दरवाजे यांसाठी पाडलेली भोके अग्निरोधक साहित्याने बुजवली नाहीत, किंवा दरवाजा भिंतीच्या तोडीचा नसला, तर चार तासांची भिंत काही मिनिटांत निरुपयोगी होते. पोलादाचे बळ सुमारे ५५० अंशांना निम्म्यावर येते. कोसळणारी छताची कैची तिला जोडलेली भिंतही ओढून पाडू शकते.

मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेली आग चौथ्या मजल्यावरून वर पसरली. इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा होता, पण आतील लाकडी विभाजक, खोटी छते व कागदपत्रे यांनी आगीला खाद्य पुरवले. अंतर्गत विभाजनासाठी न जळणारे साहित्य वापरण्याचे महत्त्व येथे दिसते. बाजारात थर्माकोलचे दाणे मिसळलेले हलके पटलही मिळतात. त्यांना एएसी ठोकळ्यांचे आकडे लावता येत नाहीत, कारण दाणे तापल्यावर वितळतात व धूर सोडतात.

आग विझल्यानंतर उभी दिसणारी भिंतही लगेच वापरात घेतली जात नाही. भेगा, बाक आणि ठोकळ्यांचे सांधे तपासून ती ठेवायची की पाडायची, हे अभियंता ठरवतो.