खिडकीतला समुद्र

परवा नातवाचा रडवेला फोन. प्रवाळाच्या टाकीत ट्रिगरफिश सोडला आणि त्याने शंख-खेकडे फस्त केले! म्हटलं, बाळा, त्याचे दात त्याचसाठी असतात.

त्यावरून ॲना थिनबाई आठवल्या. १८४६ साली त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी नेले. पंप नाही, वीज नाही. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. (आपण चहा निववतो ना, तस्सं!) पुढे बाईंनी त्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले. हौस बाईंची, हात मात्र मोलकरणीचे दुखले असणार.

१८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं 'द अक्वेरियम' आलं आणि इंग्लंडभर वेडच लागलं. हौशी मंडळींनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून नेली. १९०७ साली गॉस यांचा मुलगा एडमंड याने 'फादर अँड सन'मध्ये त्या उजाड डबक्यांबद्दल हळहळ मांडली. आपल्या वडिलांच्या पुस्तकांनीच हे घडवलं, हेही लपवलं नाही.

नातवाने ट्रिगरफिश दुकानात परत दिलाय. नवे शंख मागवलेत म्हणे. विचारलं, "कुठून येतात रे ते?"

"दुकानातून, आजी."